संकेतस्थळाची न दिसणारी पाटी

गेल्या पावसाळ्यात एके सायंकाळी मनवेलपाड्याकडून एक गृहस्थ आमच्या चंदनसार येथील चिकित्सालयात आले. वय साठीच्या आसपास, मधुमेह बारा-चौदा वर्षांचा. बसता बसताच त्यांनी सांगितले की, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांनी आठ दिवसांपूर्वी बंद केल्या आहेत. कारण विचारताच त्यांनी खिशातून मोबाइल काढून आमच्यापुढे धरला. गुगलवर आमच्या चिकित्सालयाचे नाव दिसत होते आणि त्याखाली दोन ओळी होत्या : ‘मधुमेह, दमा, संधिवात कायमचा बरा. गोळ्यांपासून मुक्ती. शंभर टक्के खात्रीशीर आयुर्वेदिक उपचार.’

हे वाक्य आम्ही कधी लिहिले नव्हते, उच्चारलेही नव्हते. आमच्या संकेतस्थळाच्या एकाही पानावर ते वाचायला मिळत नव्हते. तरीही ते आमच्या नावाखाली साऱ्या जगाला दिसत होते, आणि त्यावर विसंबून एका माणसाने आपली औषधे थांबवली होती. त्याच दिवशी त्यांची रक्तशर्करा तपासून घेतली, ती बरीच चढलेली निघाली. त्यांच्या डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलून गोळ्या पुन्हा सुरू करविल्या. गृहस्थ समजूतदार होते, रागावले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, “वैद्यराज, मग तसे लिहायचे तरी कशाला?” या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आमच्यापाशी नव्हते.

रात्री भाच्याला बोलावले. त्याने संगणकावर आमचे पान उघडले, त्यामागील सांकेतिक मजकूर उलगडून दाखविला आणि वरच्या भागातील एका ओळीवर बोट ठेवले. तेच ते वाक्य. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या तरुणाने ते आपल्या मनाने तेथे घातले होते. त्याला विचारले असता तो निरागसपणे म्हणाला, “सर, सगळ्या क्लिनिकना असेच लिहितो. लोक क्लिक करतात.” दोष त्याचा होताच, पण आमचा अधिक होता. दारावरची पाटी रंगविताना ‘आयुर्वेदाचार्य’मधील ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासणारे आम्ही, या पाटीवर काय लिहिले आहे हे चार वर्षे पाहिलेसुद्धा नव्हते.

आपल्यापैकी अनेक वैद्यांची आणि औषधालयांची आता संकेतस्थळे आहेत. बहुतेकांनी ती कोणाकडून तरी करवून घेतली आहेत आणि पानाचा रंग व धन्वंतरीचे चित्र पसंत करून पैसे चुकते केले आहेत. त्या सर्वांसाठी हे लेखन आहे.

प्रत्येक पानाच्या मागे, वाचकाला न दिसणारा एक शिरोभाग असतो. त्यात पानाविषयीची माहिती ठराविक खुणांमध्ये बांधून ठेवलेली असते. या खुणांना मेटा टॅग म्हणतात. त्यांतील डिस्क्रिप्शन, म्हणजे पानाचा थोडक्यात परिचय, ही आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. तिच्या शेजारीच टायटल, म्हणजे पानाचे शीर्षक असते. काटेकोर बोलायचे तर ते मेटा टॅग नव्हे, पण ही जोडी वेगळी करून चालत नाही. कोणी गुगलवर शोध घेतला की निळ्या अक्षरांत जे दिसते ते बहुधा शीर्षक आणि त्याखालच्या दोन ओळी म्हणजे बहुधा हा परिचय. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की, शोधयंत्राला आपला परिचय पसंत पडला नाही तर ते पानावरील दुसरे एखादे वाक्य उचलून तेथे लावते. शीर्षकातही ते फेरफार करू शकते. परंतु रुग्ण आपले दार उघडण्यापूर्वी जे वाचतो ते हेच, आणि कित्येक जण तेवढेच वाचून निर्णय घेतात.

हा प्रकार आपल्याला नवा वाटण्याचे खरे तर कारण नाही. तंत्रयुक्ती शिकताना उद्देश आणि निर्देश ही जोडी आपण पाठ केलेली असते. थोडक्यात सांगणे तो उद्देश, त्याचाच विस्तार तो निर्देश. उद्देशात जे नाही ते निर्देशात शोधावे लागू नये आणि निर्देशात नसलेले उद्देशात येऊ नये, ही शिस्त आपल्या संहिताकारांनी पाळली. चरकसंहितेचा प्रत्येक अध्याय आपण कशाविषयी सांगणार आहोत हे आरंभीच सांगतो. सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात तर ग्रंथातील एकशे वीसही अध्यायांची नावे क्रमाने दिली आहेत. डिस्क्रिप्शन म्हणजे पानाचा उद्देश, एवढे ध्यानात ठेवले तर निम्मे काम झाले. आमच्या पानावर निर्देश एक होता आणि उद्देश भलताच.

शीर्षकाच्या बाबतीतही आम्ही एकदा फसलो आहोत. आमच्या पहिल्या पानाचे शीर्षक आम्ही मोठ्या हौसेने ‘चंदनसार आयुर्वेद’ असे ठेवले होते. विरार पूर्वेत राहणाऱ्याला चंदनसार म्हणजे गाव, हे सांगावे लागत नाही. पण बाहेरच्या माणसाला आणि शोधयंत्राला ते कसे कळावे? चंदनाचा सार म्हणजे खोडाचा सुगंधी गाभा, हाच चंदनाचा प्रयोज्य अंग, हे आपल्याच द्रव्यगुणाच्या पुस्तकात आहे. परिणामी आम्हाला कोल्हापूर, सोलापूरकडून चंदनाचा किलोचा भाव विचारणारे दूरध्वनी येऊ लागले. एका गृहस्थांनी तर चंदनासवाच्या पन्नास बाटल्यांची मागणी नोंदविली. तेव्हापासून शीर्षकात ‘विरार पूर्व’ हे शब्द आले. ज्यांच्या गावाचे नाव वनस्पतीवरून पडले आहे, अशा वैद्यांनी ही काळजी जरूर घ्यावी.

स्थळाचे आणखी एक आहे. आमचे पहिले पान झाले तेव्हा विरारला नगरपरिषद होती आणि जिल्हा ठाणे होता. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. दारावरची पाटी आम्ही बदलली, पावतीपुस्तके बदलली. पानामागील परिचयात मात्र ‘जि. ठाणे’ पुढे कित्येक वर्षे तसेच राहिले. पालघरचे नाव घालून वैद्य शोधणाऱ्याने आम्हाला कुठे शोधावे?

आता शब्दांकडे वळू. येथे आपली विद्याच आपल्या आड येते. आपण पानावर ‘अर्श’ लिहितो, रुग्ण ‘मूळव्याध’ शोधतो. आपण ‘शीतपित्त’ लिहितो, तो ‘अंगावर पित्त उठणे’ असे विचारतो. विसर्पाच्या प्रकारांवर आपण दोन पाने लिहितो आणि घरातील आजीबाई नातवाला ‘नागीण’ शोधायला सांगतात. कामला म्हणजे कावीळ, प्रतिश्याय म्हणजे पडसे, अश्मरी म्हणजे मुतखडा. आम्लपित्त हा शब्द निदान ओळखीचा तरी आहे, पण मोबाइलवर बोटे ‘ॲसिडिटी’ हाच शब्द उमटवतात. आपल्या निघंटुकारांना ही अडचण ठाऊक होती. एका गुडूचीला त्यांनी अमृता, छिन्नरुहा, वत्सादनी, मधुपर्णी अशी नावांची माळ घातली, ती केवळ काव्यासाठी नव्हे. द्रव्य अनेक प्रांतांत अनेक नावांनी ओळखले जाते आणि कोणत्याही नावाने विचारणाऱ्यास ते सापडले पाहिजे, हा त्यामागील व्यवहार होता. आजच्या विरारमध्ये तीच वेल मराठी घरात गुळवेल असते आणि शेजारच्या हिंदी भाषक घरात गिलोय. परिचयाच्या ओळीत रुग्णाचा शब्द आधी यावा आणि शास्त्रीय संज्ञा पानाच्या पोटात यावी, असे आमचे मत आहे. विद्वत्ता कमी दिसेल या भीतीने अनेक जण नेमके याच्या उलट करतात.

मात्र पर्यायांचा ढीग रचणे हा यावरचा उपाय नव्हे. पूर्वी कीवर्ड्स नावाच्या एका खुणेत शंभर शंभर शब्द भरण्याची पद्धत होती. कंबरदुखीपासून कर्करोगापर्यंत सारे काही त्यात असे. आपण शोधाच्या क्रमवारीसाठी या खुणेचा वापर करीत नाही, हे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले. इतकी वर्षे लोटली तरी त्या कामाचे वेगळे पैसे मागणारे आहेत आणि देणारेही आहेत. देणारांत आम्हीही एकदा होतो.

ज्यांनी २००० ते २०१०च्या सुमारास संकेतस्थळे केली, त्यांच्या बाबतीत मराठी अक्षरांचा जुना घोळ अजून शिल्लक असू शकतो. त्या काळी आपली माहितीपत्रके छापखान्यात श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा टंकांत जुळविली जात आणि तोच मजकूर उचलून संकेतस्थळावर चिकटविला जाई. डोळ्यांना तो मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखी ती निव्वळ इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असे. आमच्या जुन्या पानाच्या शीर्षकात ‘आयुर्वेद’ या शब्दाच्या जागी जे दिसे ते वाचून रुग्ण पळून गेला असता. युनिकोडमध्ये टंकलिखित केलेली मराठीच शोधता येते. पानाच्या शिरोभागात यूटीएफ-८ ही अक्षरसंकेताची खूण असावी आणि पान मराठीत असल्यास भाषेच्या जागी ‘एमआर’ हा संकेत असावा. शोधयंत्र भाषा मजकुरावरून ओळखते, परंतु दृष्टिहीन व्यक्तींना पान वाचून दाखविणाऱ्या उपकरणांना या संकेताचा उपयोग होतो. हे सारे आपल्या तंत्रज्ञास पाच मिनिटांत करता येते. त्याला सांगावे आणि विसरून जावे.

मधुमेहाच्या त्या वाक्याकडे मात्र पुन्हा यायला हवे, कारण मुख्य चिंता तीच आहे.

औषधे व चमत्कारिक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालचा आहे. त्याच्या अनुसूचीत चोपन्न रोगांची व अवस्थांची यादी आहे. मधुमेह, कर्करोग, संधिवात, मुतखडा, कोड, स्थूलता, स्त्रियांचे वंध्यत्व, पक्षाघात आणि सर्वसाधारण ज्वरसुद्धा त्यात येतो. यांपैकी कोणताही विकार अमुक औषधाने बरा होतो, कमी होतो वा टळतो, असे सुचविणारी जाहिरात या कायद्याने निषिद्ध केली आहे. जाहिरातीची त्यातील व्याख्याही पुष्कळ व्यापक आहे. पत्रक, वेष्टन, लेबल येथपासून ध्वनी, प्रकाश वा धूर यांच्या द्वारे केलेल्या घोषणेपर्यंत सारे तीत बसते. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास वा दंड वा दोन्ही, पुढील अपराधास एक वर्षापर्यंत कारावास. नोंदणीकृत चिकित्सकाने आपल्या चिकित्सालयाच्या जागेत लावलेल्या, येथे अमुक विकारावर उपचार केले जातात एवढेच सांगणाऱ्या पाटीला कलम १४ने सवलत दिली आहे. ती सवलत जागेतील पाटीची आहे. जगाच्या कानाकोपऱ्यात मोबाइलवर उमटणाऱ्या दोन ओळींनाही ती आपोआप मिळते, असे गृहीत धरणे आम्हाला धोक्याचे वाटते.

काही औषधनिर्माते मित्र म्हणतात, आता नियम १७० राहिला नाही, मग अडचण कसली? जाहिरातीपूर्वी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे नोंद करण्याचे बंधन घालणारा हा नियम २०१८च्या अखेरीस आला. १ जुलै २०२४च्या अधिसूचनेने केंद्राने तो वगळला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ याचिका निकाली निघताना ती स्थगिती उठली. हा इतिहास खरा आहे. पण त्यामुळे १९५४चा अधिनियम कुठेही गेलेला नाही. पूर्वपरवानगीचे दार गेले, भिंत तशीच आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. आपले शास्त्र काय म्हणते? कफज प्रमेह साध्य, पित्तज याप्य आणि वातज असाध्य, हे आपण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकलो. मधुमेह वातजांत गणला आहे. ‘कायमचा बरा’ हे शब्द चरकाने लिहिले नाहीत, ते संकेतस्थळ बनविणाऱ्या पोराने लिहिले. जो विकार याप्य आहे त्याला याप्य म्हणण्याचे धैर्य हाच आपल्या चिकित्सेचा मान आहे. सूत्रस्थानातील दशप्राणायतनीय अध्यायात प्राणाभिसर आणि रोगाभिसर अशा दोन प्रकारच्या वैद्यांचे वर्णन आहे. वैद्याचा वेष धारण करून वाटावाटांनी हिंडणारा, कोणी आजारी आहे असे कानावर येताच तेथे धावणारा, रुग्णाच्या कानी पडेल अशा बेताने आपले गुण मोठ्याने सांगणारा आणि पहिल्या वैद्याचे दोष काढणारा तो रोगाभिसर. ‘गोळ्यांपासून मुक्ती’ ही ओळ आम्ही त्या वर्णनाशेजारी ठेवून पाहिली. आम्ही घरी बसलो होतो, आमच्या नावाने ती ओळ वाटावाटांनी हिंडत होती.

औषधालयाच्या चालकांसाठी दोन गोष्टी विशेष सांगाव्याशा वाटतात. आपल्या संकेतस्थळावर शंभर औषधे असतील तर पाने शंभर असतात, परंतु परिचय सगळीकडे एकच असतो : ‘शुद्ध व गुणकारी आयुर्वेदिक औषधे’. त्रिफळा चूर्णाला तोच, दशमूलारिष्टाला तोच. दुकानातील साऱ्या बरण्यांवर एकच चिठ्ठी लावण्यासारखे हे आहे. प्रत्येक पानाच्या परिचयात कल्पाचे नाव, कल्पना म्हणजे चूर्ण आहे की वटी की आसव, ग्रंथाधार आणि वजन एवढे आले तरी वैद्याला व ग्राहकाला पुरते. बाटलीवरील लेबलाच्या बाबतीत नियम १६१ आपण पाळतोच. तीच शिस्त या ओळीला लावावी.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अनुसूची ई(१)मध्ये वत्सनाभ, कुचला, भल्लातक, पारद, हिंगुळ अशा द्रव्यांची यादी आहे. ही द्रव्ये असलेल्या औषधांच्या लेबलावर ती वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना द्यावी लागते. त्रिभुवनकीर्ती रसात वत्सनाभही आहे आणि हिंगुळही. तरीही ‘सर्व तापांवर गुणकारी, घरात हवेच’ अशा थाटाचा परिचय लिहिण्याचा मोह होतो. पावसाळ्यात आमच्या भागात डेंग्यू, मलेरियाचे रुग्ण सुरू होतात. ताप अंगावर काढून, मोबाइलवर वाचलेल्या नावाची डबी विकत घेऊन, चौथ्या दिवशी येणारा रुग्ण आम्ही पाहतो. अशा औषधाच्या परिचयातच ‘वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यावे’ हे शब्द आले पाहिजेत. लेबलावरची सूचना डबी हातात आल्यावर वाचली जाते. परिचयाची ओळ त्याच्या आधी वाचली जाते.

आता लांबीविषयी. परिचय किती अक्षरांचा असावा, यासंबंधी निरनिराळे आकडे सांगितले जातात. गुगलने स्वतः मर्यादा घातलेली नाही, पण पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळ कापली जाते. आमचा अनुभव असा की, गाव आणि काम ही दोन्ही पहिल्या आठ-दहा शब्दांत आली की पुढे कुठेही कापले तरी बिघडत नाही. ‘सुमारे वीस वर्षांची अखंड रुग्णसेवेची उज्ज्वल परंपरा लाभलेले’ अशी सुरुवात केली तर वैद्य कुठला हे कळण्यापूर्वीच ओळ संपते. व्हॉट्सॲपवर दुवा पाठविला असता खाली जी चौकट उमटते तिचा मजकूर बहुधा ओपन ग्राफ नावाच्या वेगळ्या खुणांतून घेतला जातो. आमचे ते जुने वाक्य तेथेही होते. एका ठिकाणी बदलून दुसरीकडे तसेच राहू नये म्हणून हे सांगितले.

स्वतःची ओळ तपासण्यास तंत्रज्ञ लागत नाही. संगणकावर आपले पान उघडून कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबल्या की बहुतेक ब्राउझरांत मागील मजकूर दिसतो. त्यात डिस्क्रिप्शन हा शब्द शोधावा. आमच्या परिचयाच्या तीन वैद्यांना आम्ही हे करावयास लावले. एकाकडे परिचय कोराच होता. दुसऱ्याकडे पुण्यातील एका दंतवैद्याचा परिचय जसाच्या तसा होता. तिसऱ्याने आम्हाला काय सापडले ते सांगितले नाही, परंतु दुसऱ्याच दिवशी त्याचे पान दुरुस्तीसाठी बंद होते.

आम्ही आमची ओळ स्वतः लिहिली. ती अशी : ‘चंदनसार, विरार पूर्व येथील आयुर्वेद चिकित्सालय. मूळव्याध, ॲसिडिटी, त्वचाविकार यांसाठी तपासणी व सल्ला. सोमवार ते शनिवार. चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.’ शेवटच्या वाक्यामुळे जागा वाया जाते आणि लोक घाबरून पुढे जातात, असे संकेतस्थळ करणाऱ्या तरुणाचे म्हणणे पडले. आम्ही त्याला ते ठेवावयास सांगितले. बदल केल्यानंतरही गुगलवर जुनी ओळ काही दिवस दिसत राहिली, कारण शोधयंत्र पुन्हा पानावर येऊन वाचेपर्यंत त्याच्याकडील प्रत जुनीच असते. पान पुन्हा वाचण्याची विनंती सर्च कन्सोल या त्यांच्याच सुविधेतून करता येते, हे आम्हाला उशिरा कळले. ते दिवस आम्ही दारात येणाऱ्या प्रत्येक नव्या मधुमेही रुग्णाला नाडी पाहण्याआधी एकच प्रश्न विचारीत होतो : गोळ्या चालू आहेत ना?

मनवेलपाड्याचे ते गृहस्थ आजही येतात. गोळ्या घेतात, पथ्य पाळतात, तळपायांच्या आगीसाठी आमचे औषध घेतात. मागच्या महिन्यात त्यांनी पुन्हा मोबाइल पुढे केला आणि नवी ओळ आम्हाला मोठ्याने वाचून दाखविली.